इम्पोर्टवाले काका

"उघडून बघितलं?"

कुणी काहीही आणून दिलं की काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. मेमरी कार्ड असो, पेनड्राइव्ह असो, नाहीतर मोबाइलवरून आलेला फोटो असो. प्रश्न विचारता विचारता ते नाकावरचा चष्मा कपाळावर चढवायचे, खिशातला दुसरा काढून डोळ्यांना लावायचे आणि उजवा हात शर्टाला दोनदा पुसून पुढे करायचे. हात स्वच्छच असायचा, तरी पुसायचे. कार्ड हातात आलं की त्यावर लाल चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे. लाल पट्टी म्हणजे ह्या कार्डातले फोटो अजून कॉम्प्युटरवर उतरवायचेत, ह्याला कुणी हात लावायचा नाही. फोटो दोन ठिकाणी उतरले आणि त्यातले चार-पाच उघडून बघून झाले की मगच ती पट्टी निघायची.

तुम्ही काकांना पाहिलं नसेल. आमचा स्टुडिओ नालासोपारा पश्चिमेला, बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. पुढच्या खोलीत मालक बसायचे. फोटो तेच काढायचे. मागे एक पडदा आणि पडद्यामागे दोन कॉम्प्युटर, एक काकांचा आणि एक माझा. तिथवर गिऱ्हाईक क्वचितच यायचं. पण वसई-विरारकडच्या एखाद्या घरी तुम्ही लग्नाचा अल्बम चाळला असेल, तर काकांच्या हातून गेलेला एखादा चेहरा तुमच्या नजरेखालून नक्की गेलाय.

काका जवळच्याच गास गावचे. घरची भातशेती, थोडी केळीची वाडी. शाळा सुटल्यावर ते एका फोटोवाल्याकडे लागले आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवायला शिकले. पुढे रंगीत फोटो आले, मग कॉम्प्युटर आला. पन्नाशीला आलेला माणूस क्लासला जाऊन कॉलेजातल्या मुलांशेजारी बसला आणि माउस धरायला शिकला. ते सांगायचे, "पेन्सिल धरायला मला दोन वर्षं लागली होती. माउसला दोन महिने. म्हनजे प्रगती आहे." घरून फोन आला की ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मंही कळायचं नाही. आमच्याशी बोलताना ते सरळ मराठीत यायचे, फक्त ण त्यांना कधी सापडला नाही.

मी तिथे लागले तेव्हा पस्तिशी उलटली होती. माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, लग्न होऊन इकडे विरारजवळ चंदनसारला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी फोटो एडिटिंगचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी काकांनी मला एक फोल्डर उघडायला सांगितलं. आत प्रत्येक फोटो दोनदा होता, नाव एकच, शेवटची अक्षरं वेगळी.

"हे डबल झालेत," मी म्हटलं. "एकेक काढून टाकू?"

काकांनी चष्मा बदलला. "ही रॉ फाइल आहे आनि ही जेपेग. कोर्समध्ये सांगितलं नाय?"

सांगितलं होतं, मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "रॉ म्हनजे भात. शेतातून कापून आनला तसा, तुसासकट. जेपेग म्हनजे शिजवून ताटात वाढलेलं. ताटातलं लगेच खाता येतं, पन त्याचं परत बी नाय होत."

मी गोंधळून गेले. "पण काका, भात म्हणजे शिजवलेलाच ना?"

आमच्या माणदेशात ज्वारी-बाजरी. भात मी फक्त ताटातच पाहिला होता. काका माझ्याकडे बघतच राहिले. मग पडद्याबाहेर डोकं काढून मालकांना म्हणाले, "शेठ, ही बाई कुठून आनलीत? हिला भात माहीत नाय." आणि दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत मूठभर भाताचे दाणे घेऊन आले, माझ्या कीबोर्डशेजारी ओतले. म्हणाले, "सोल." मी नखाने एक दाणा सोलला, आतून तांदूळ निघाला. त्या दिवसापासून मी त्यांची 'सातारकरीण' झाले आणि रॉ फाइल म्हणजे काय हे मला पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

जेपेग फाइल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली की दर वेळी तिच्यातलं थोडं थोडं उडून जातं, हेही त्यांनीच दाखवलं. एकच फोटो त्यांनी माझ्याकडून वीसदा सेव्ह करवून घेतला आणि पहिला व विसावा शेजारी ठेवला. विसाव्यात नवरीच्या शालूचा काठ चिखलासारखा दिसत होता. "मूळ फाइलीला हात नाय लावायचा," ते म्हणाले. "तिची कॉपी कर, मग कॉपीचं काय वाट्टेल ते कर."

गिऱ्हाइकांशी मात्र ते फार गमतीने वागायचे. एकदा एक गृहस्थ महागडा मोबाइल घेऊन आले. त्यांच्या मोबाइलमधले फोटो आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हते, कारण नवे फोन फोटो वेगळ्याच प्रकारच्या फाइलीत ठेवतात आणि आमचं सॉफ्टवेअर जुनं. ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आले.

"आता सगळे जेपेग करून आणलेत," ते म्हणाले.

"उघडून बघितलं?"

"त्यात काय बघायचं?"

काकांनी पेनड्राइव्ह लावला. एकही फोटो उघडेना. "जेपेग कसं केलंत?"

"नाव बदललं ना. मागची अक्षरं पुसली आणि जेपीजी टाकलं."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "साहेब, समजा मी माझ्या दारावर डॉक्टर अशी पाटी लावली. तुम्ही याल माझ्याकडे इंजेक्शन घ्यायला?"

ते गृहस्थ आधी रागावले आणि मग हसले. काकांनी त्यांना खुर्ची दिली, फोटो नीट बदलून घेतले आणि पुढचे फोटो जेपेगमध्येच निघावेत म्हणून मोबाइलमधली सेटिंग बदलून दिली. ते गेल्यावर मला म्हणाले, "मानूस हुशार आहे. चुकीचं का होईना, स्वतः करून तरी बघितलं."

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले.

मला लागून वर्ष होत आलं होतं. आगाशीच्या एका वाडीवाल्या घरातल्या मुलीचं लग्न झालं. मालकांनी फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड आणून टेबलावर ठेवलं. काका त्या दिवशी घरच्या कामासाठी रजेवर होते. मी एकटीच होते. कार्डावर लाल पट्टी लावली, कॉम्प्युटरला जोडलं आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केलं. स्क्रीनवर सगळं लग्न ओळीने उभं राहिलं. सहा-सात फोटो उघडून मोठे करून बघितले. छान, स्वच्छ. बाहेरून मालक घाई करत होते, त्यांना दुपारी एका बारशाला जायचं होतं. एका ठिकाणी फोटो आले, दुसरीकडची कॉपी नंतर करू, असं म्हणून मी पट्टी काढली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कॅमेऱ्यात घालून कोरं केलं आणि बारशाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअर उघडलं तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक बारीक प्रश्नचिन्ह. कुठलाही फोटो उघडायला जावं तर 'फाइल सापडत नाही'.

झालं होतं ते असं. इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअर विचारतं, फोटो कॉम्प्युटरवर कॉपी करायचे की आहेत तिथेच ठेवून नुसती नोंद घ्यायची. माझ्याकडून दुसरा पर्याय निवडला गेला होता. मी आदल्या दिवशी जे फोटो मोठे करून बघितले, ते कार्डातूनच दिसत होते. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांतला एकही आलाच नव्हता.

काका नुकते येऊन डबा कपाटात ठेवत होते. मी त्यांना हाक मारली. ते माझ्या मागे उभे राहिले, त्यांनी स्क्रीन बघितली, चष्मा बदलला, पुन्हा बघितली.

"उघडून बघितलं होतं काका," मी म्हटलं. "खरंच बघितलं होतं."

"माहीत आहे." ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "कुठून उघडलं, ते मी विचारायला शिकवलं नाय तुला. इतकी वर्षं मी अर्धाच प्रश्न विचारतोय."

मग ते बाहेर गेले आणि मालकांकडून कार्ड मागून घेतलं. मालकांना सगळं कळलं तेव्हा ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. शेवटी म्हणाले, "हिला सांगा, उद्यापासून येऊ नको."

काका कार्ड घेऊन आत आले. बारशाचे फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतले, उघडून बघितले. मग ते कार्ड माझ्या कॉम्प्युटरला जोडून पुसलेले फोटो शोधणारं एक सॉफ्टवेअर चालू केलं. कार्ड कोरं केलं तरी फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. त्यांच्या जागी दुसरे फोटो येऊन बसले तरच जातात. म्हणजे बारशाच्या फोटोंनी जेवढी जागा घेतली तेवढं लग्न गेलं, आणि बाकीचं मिळण्याची आशा होती. शोधायला तीन-चार तास लागणार होते.

"चल," काका म्हणाले. "आगाशीला जाऊन येऊ."

"आत्ता? काका, आधी सापडतात का बघू. सापडले तर सांगायची गरजच नाही."

"सापडल्यावर सांगायला काय लागतं? आत्ता सांगू." त्यांनी पिशवी उचलली. "चूक तुझी आहे. पन तू आमच्याकडची आहेस. म्हनून दोघं जाऊ."

त्या घराच्या ओटीवर मुलीचे वडील खुर्चीत बसले होते. वर्षभरापूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं फक्त बायकोला कळेल एवढंच. मुलगी सासरी गेली होती. आई आतून पाणी घेऊन आली, आम्हाला बसायला सांगितलं, अल्बम कधी मिळेल म्हणून विचारलं.

मी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे बघत होते. मग मीच सांगितलं. काय झालं, कसं झालं, माझ्या हातून झालं. जमिनीकडे बघून सांगितलं, पण सगळं सांगितलं.

बाई पाण्याचा तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठले गेले?"

"कार्डावरचे पहिले गेले असतील," काका म्हणाले. "सकाळचे. घरातले."

बाई खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "हॉलवरचे काय, कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलात असतील. ह्यांना हॉलवर नेलंच नव्हतं. सकाळी ती निघाली तेव्हा हे उभे राहिले होते. दाराला धरून. वर्षात पहिल्यांदा. तिच्या डोक्यावर हात ठेवला. रडारडीत कोणाला मोबाइल काढायचं सुचलं नाही. तुमच्याच माणसाने तेवढे फोटो काढले."

तेवढ्यात ते गृहस्थ खुर्चीतून काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि अंग उचलायला सुरुवात केली. मान लाल झाली, हात थरथरायला लागला.

बाई धावल्या. "काय करताय?" त्या गृहस्थांनी पुन्हा तेच म्हटलं. बाई आमच्याकडे वळल्या. "ते म्हणतायत, परत उभा राहतो. परत काढा."

काकांनी पुढे होऊन त्यांना काखेत धरलं आणि सावकाश खाली बसवलं. बसवल्यावरही हात काढला नाही. म्हणाले, "बसा दादा. तुम्ही एकदा उभे राहिलात, तेवढं पुरे. आता काम आमचं आहे."

परतताना विरारच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. काकांनी मला गप्प बस म्हटलं नाही की धीरही दिला नाही. अर्धा रस्ता गेल्यावर ते एकदम म्हणाले, "इम्पोर्ट करताना मोठे प्रीव्ह्यू बनवले होतेस?"

प्रीव्ह्यू म्हणजे फोटो पटकन दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर आपल्यापाशी बनवून ठेवतं ती प्रत. ती लहानही ठेवता येते, पूर्ण मापाचीही. पूर्ण मापाची बनवायला वेळ लागतो, त्यावरून मालक आणि काकांचा नेहमी वाद व्हायचा. माझ्या मशीनवर काकांनी पूर्ण मापाच्या पर्यायावर खूण करून ठेवली होती आणि मी कधी काढली नव्हती.

"ते आपोआप होतात," मी म्हटलं. "तुम्हीच लावून ठेवलंय."

"झाले होते पूर्ण? कार्ड काढायच्या आधी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मालक घाई करत होते, तरी काम किती झालं ते दाखवणारी रेघ शेवटाला जाऊन थांबलेली मी पाहिली होती. "झाले होते."

काकांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. विरारला उतरताच ते नालासोपाऱ्याच्या लोकलकडे भराभर चालू लागले.

स्टुडिओत आलो तेव्हा शोध संपत आला होता. हॉलवरचं जवळजवळ सगळं लग्न रॉ फाइलींमध्ये परत मिळालं. सकाळचे साठेक फोटो मात्र नव्हते; त्यांच्या जागी बारशाचा पाळणा होता. मग काकांनी माझ्या खुर्चीत बसून सॉफ्टवेअरच्या पोटातले ते प्रीव्ह्यू एकेक करून बाहेर काढले. काम किचकट होतं. दुपारचा डबा तसाच राहिला. चार वाजायच्या सुमाराला स्क्रीनवर दार आलं, दारात पिवळ्या साडीतली मुलगी आणि चौकट धरून उभा असलेला माणूस. दुसरा हात वर उचलता येत नव्हता, म्हणून मुलगीच वाकली होती आणि तिनेच तो आपल्या डोक्यावर घेतला होता.

"जेपेग आहे," काका म्हणाले. "रॉ नाय. सावलीतलं जास्त उजळता येनार नाय." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "पन आहे."

आगाशीला फोन मला करायला लावला. पलीकडे बाईंनी "सापडले" एवढंच मोठ्याने घरात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी यायचं की नाही ह्याच विचारात होते. आले. मालक पुढे बसले होते, त्यांनी वर बघितलं नाही. टेबलावर नवं कार्ड होतं. काकांनी ते उचललं, लाल पट्टी लावली आणि पडद्याबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सातारकरीण, हे घे. आजपासून सगळं इम्पोर्ट तू करायचं." मालक काहीतरी पुटपुटले. काका म्हणाले, "शेठ, हिच्याइतकं जपून आता आपल्या तिघांत कोन करनार नाय. मीपन नाय."

मालक आपल्या कामाला लागले, आणि मी राहिले. पुढे आमच्याकडून एकही फोटो हरवला नाही, हे मी सांगू शकते. काकांचा प्रश्नही त्या दिवसापासून लांबला: "उघडून बघितलं? कुठून उघडलं?" आपली इतक्या वर्षांची सवय एका नवख्या बाईच्या चुकीवरून बदलणारी माणसं तुम्ही किती पाहिलीत? मी एकच पाहिला.

त्यांच्या बायकोचा विषय निघाला तो ह्यानंतर वर्षभराने. ती मी यायच्या आधीच गेली होती. काका एकदा डबा खाताना कॉम्प्युटरवर एक फोटो उघडून बसले होते. इतका छोटा की स्क्रीनवर काडेपेटीएवढा दिसत होता. कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत वाढणारी एक बाई, अर्धवट वळून हसणारी.

"आयुष्यभर लोकांच्या बायकांचे फोटो साफ केले," ते म्हणाले. "हिचा काढायला गेलो की पदर पुढे घ्यायची. हा एक कोनीतरी काढला, ह्या मोबाइलातून त्या मोबाइलात करत माझ्याकडे आला. मूळ कोनाकडे आहे, पत्ता नाय."

तेव्हा अस्पष्ट फोटो आपोआप स्पष्ट करणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मला वाटलं, ह्या माणसाचं आपल्यावर एवढं ऋण आहे, एवढं तरी करू. त्यांना न सांगता मी तो फोटो त्यातून काढला. पापण्यांचा केस न् केस दिसायला लागला. मोठा प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

काकांनी तो हातात घेतला. चष्मा बदलला. खूप वेळ बघितलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "कोन आहे ही?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते तसे बघत नव्हते. त्यांनी बोट ठेवलं. "दात बघ. हिचे सरळ आहेत. तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. हसली की ओठ तिथे अडकायचा. मशीनला ते कुठून माहीत असनार?"

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात हलवला. "तू चांगल्या मनाने केलंस. पन जेवढं आहे तेवढंच छापू." मग मूळ फोटो जेवढा छापल्यावर फुटणार नाही तेवढा, पासपोर्टच्या मापाचा काढला. तो त्यांनी खिशातल्या चष्म्याच्या घरात ठेवला. माझा मोठा प्रिंट टाकून दिला नाही. मला म्हणाले, "हा तू ठेव. ही बाई तू बनवलीस." तो अजून माझ्याकडे आहे. कुणाचा आहे म्हणून कुणी विचारलं तर काय सांगावं, मला कळत नाही.

मग त्यांचे डोळे बिघडले. एका नवरीच्या आईने तक्रार केली की अल्बममध्ये सगळे निळे पडल्यासारखे दिसतात. काकांनी तो फोटो माझ्या स्क्रीनवर उघडला. "तुला कसा दिसतो?"

"निळसर, काका."

"मला बरोबर दिसतो." पुढे आठवडाभर ते दर फोटोला मला रंग विचारत राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना जग पिवळं दिसायला लागलं होतं, म्हणून ते प्रत्येक फोटो निळ्याकडे ढकलत होते. शनिवारी त्यांनी मालकांना स्वतःच सांगितलं, "शेठ, आता मी थांबतो. हात ठीक आहे, पन डोळे खोटं सांगतात." मालक म्हणाले, ऑपरेशन करा आणि या. काका म्हणाले, "बघू." पण सत्तरी जवळ आली होती आणि त्यांचं मन वाडीकडे वळलं होतं हे आम्हाला दिसत होतं.

त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी एका रविवारी गासला गेले. सुनेने मला मागच्या दारी पाठवलं. काका जास्वंदीच्या झुडपापाशी उभे होते आणि एकदा एका डोळ्यावर हात ठेवून, एकदा दुसऱ्यावर ठेवून फूल बघत होते.

"ये. हे बघ. ह्या डोळ्याने लाल दिसतं. आनि ह्याने विटेसारखं." ते खूश होते. "दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी तो चांगला डोळा माझ्याकडे वळवला आणि न्याहाळत राहिले.

"तुझे केस पांढरे झालेत गो."

"चार वर्षं झाली काका."

"चार वर्षं?" ते विचारात पडले. "मला वाटायचं ही बाई म्हातारी कशी होत नाय."

आम्ही दोघंही हसलो. सुनेने चहा आणला. मी त्यांना सांगितलं की आता मी घरीच, चंदनसारला, स्वतःचं काम सुरू केलंय, इतर फोटोवालेही त्यांची कार्डं माझ्याकडे पाठवतात, कारण माझ्याकडून काही हरवत नाही असं ते एकमेकांना सांगतात. आणि हे सगळं तुमच्यामुळे झालं, असं म्हणायचं ठरवून गेले होते. तोंडाशी आलं तेव्हा ते चहाच्या कपाकडे एका डोळ्याने बघत होते. म्हणाले, "दुधाचा रंग मी विसरलोच होतो." माझं वाक्य राहून गेलं. पण मी तिथून उठताना त्यांच्या पाया पडले. काका म्हणाले, "असू दे, असू दे," आणि हात शर्टाला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. सकाळी वाडीत जाऊन आले, ओटीवर टेकले ते उठलेच नाहीत. मला फोन आला आणि मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. त्यामुळे त्यांना निजलेलं मी पाहिलं नाही, ह्याचं आता मला बरंच वाटतं.

मला आठवतो तो त्या रविवारचा परतीचा बसथांबा. नको म्हणत असतानाही ते मला पोचवायला आले. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून डाव्या डोळ्यावर हात ठेवून बस बघत होते, मग उजव्यावर. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता बाहेर बघितलं आणि मला विचारलं, "बाबा सलाम करतायत की काय?"

"नाही," मी म्हटलं, "रंग बघतायत."

बस वळेपर्यंत ते बघत होते.